डाव्या डोळ्याची योजना

माझा डावा डोळा नकली आहे. सावनेरजवळच्या आमच्या गावी, कापूस वेचून रिकाम्या झालेल्या वावरात विटीदांडू खेळताना तो गेला. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. दांडू मोठ्या भावाच्या हातात होता. विटी बाभळीची, दोन्ही टोकांना तासून चांगली अणकुचीदार केलेली. मी समोर झेलायला उभा होतो. पुढचं मला दिसल्यापेक्षा ऐकू आल्यासारखं आठवतं. ओलं काहीतरी फुटल्याचा आवाज, आणि मग दादाचं "अबे लहान्या, अबे लहान्या" असं केकाटणं. गालावरून जे गरम ओघळत होतं ते रक्त होतं की डोळा, हे मला कळत नव्हतं.

बाप धावत आला. त्याने मला आधी उचललं नाही. आधी त्याने बैलाचा चाबूक घेऊन दादाची चामडी लोळवली, आणि मग मला खांद्यावर टाकून बसस्टँडकडे पळाला. आमच्या घरात हाच क्रम होता, आधी मार आणि मग औषध. आईसुद्धा पोळ्या लाटता लाटता लाटणं भिरकावायची आणि तिचा नेम सहसा चुकत नसे. मी सगळ्यांत लहान, हातापायीत कमी पडायचो, म्हणून चावायचो. दादाच्या उजव्या मनगटावर माझ्या दातांची अर्धगोल खूण अजून आहे. ती डोळा जायच्या आधीची.

डोळा गेल्यावर गाव म्हणालं, खेळताना लागलं. डॉक्टर म्हणाला, अपघात. मीही आयुष्यभर तेच म्हणत आलो आणि ते म्हणताना मला बरं वाटायचं. दादावर मी एकदाही त्यासाठी चिडलो नाही. बाकी शंभर गोष्टींसाठी चिडलो, त्याच्या अंगावर धावून गेलो, पण डोळ्यासाठी नाही. एका डोळ्याच्या पोराला शेतीत कशाला घालायचं म्हणून बापाने मला नागपूरला शिकायला ठेवलं आणि मी पुढे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागलो. उत्क्रांतीचा धडा आला की मी हमखास माझा किस्सा सांगायचो. निसर्ग नेम धरत नाही, विटी उडते आणि कुठेतरी लागते, मी समोर होतो म्हणून मला लागली. पोरं गप्प व्हायची. धडा डोक्यात बसायचा.

दादा सरकारी खात्यात अभियंता झाला. निवृत्त होऊन धरमपेठेत राहू लागल्यावर त्याला व्याख्यानं द्यायचं वेड लागलं. विषय एकच, सृष्टीचा अभियंता. म्हणजे असं, की कालवा नकाशाशिवाय होत नाही, मग माणूस नकाशाशिवाय कसा होईल? कुणीतरी बसून, विचार करून, आखणी करून हे सगळं घडवलेलं आहे. रविवारी सकाळी तो प्रताप नगरला आमच्याकडे तर्री-पोहे खायला यायचा आणि आमची जुंपायची. तो म्हणायचा, आखणी. मी म्हणायचो, लाखो वर्षांची छाटणी. आवाज चढायचे, पोह्यांवरची तर्री टेबलक्लॉथवर सांडायची, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. माझी बायको रविवारी काचेच्या बशा वर ठेवून द्यायची आणि स्टीलच्या काढायची. एकदा मी एक बशी फेकली होती, ती त्याच्या कानावरून गेली, त्यानंतरची ही व्यवस्था.

शाळेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचं प्रकरण गाळलं तेव्हा माझ्या मस्तकात तिडीक गेली. पेपरात वाचून मी पेपरच फाडला. दादाने त्याच दिवशी फोन करून "आता तरी पटलं ना" असं विचारलं. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला या भांडणाची पूर्ण कल्पना होती. त्यांना वाटलं, ही तर फुकटची करमणूक आहे. हिवाळ्यातल्या कार्यक्रमात त्यांनी जाहीर वाद ठेवला: 'माणूस घडला की घडवला?' एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा सख्खा मोठा भाऊ. वर आलूबोंडे आणि चहा.

इथे मंडळाने एक घोळ केला. आदल्या कार्यक्रमात पाहुणे घाईने निघून गेले होते आणि सत्काराच्या शाली तशाच उरल्या होत्या. म्हणून या वेळी त्यांनी सत्कार आधी उरकला. आम्हा दोघांना शाल आणि नारळ, अध्यक्षांना शाल आणि नारळ, माईक देणाऱ्याला, सतरंज्या देणाऱ्याला, आलूबोंड्याचा खर्च उचलणाऱ्याला, सगळ्यांना नारळ. वाद सुरू व्हायच्या आधीच व्यासपीठावर आणि पहिल्या रांगेत माणसं मांडीवर नारळ घेऊन बसलेली. मारामारीच्या आधी हत्यारं वाटावीत तसं ते झालं होतं, पण त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दादा आधी बोलला. माईकवर तो पुस्तकातली मराठी बोलतो, चिडला की सावनेरची. सुरुवात त्याने सत्काराच्या नारळापासूनच केली. तो हातात उंच धरला आणि म्हणाला, "हे पॅकिंग बघा. बाहेर काथ्या, आत करवंटी, तिच्यात खोबरं, त्याच्या आत गोड पाणी. एवढ्या उंचावरून पडतं, फुटत नाही. साधं खोकं करायचं तर कारखाना लागतो. आणि हे आपोआप झालं?"

टाळ्या पडल्या. मी माझा नारळ उचलला आणि म्हणालो, "हे पॅकिंग तुमच्या पूजेसाठी नाही, समुद्रासाठी आहे. जी फळं खाऱ्या पाण्यात कुजली त्यांची झाडं झाली नाहीत. जी तरली आणि लांब जाऊन रुजली, त्यांची झाली. असं होत होत हे कवच जाड झालं. कुणी ठरवलं नाही. कुजलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही म्हणून उरलेला नारळ शहाणा वाटतो."

मलाही टाळ्या पडल्या, पण कमी. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, तुमचे आजोबा माकड होते का?" हशा झाला. मी म्हणालो, "माकड तरी दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेतं." त्यावर त्या माणसाचे शेजारी उभे राहिले, अध्यक्षांनी हात जोडून त्यांना बसवलं. माझं डोकं तापायला लागलं होतं. मला ते जाणवत होतं आणि छान वाटत होतं. भांडणात मला जी मजा येते ती मला दुसऱ्या कशात येत नाही, हे खरं आहे.

मग दादा डोळ्यावर आला. आखणीवाले सगळे शेवटी डोळ्यावर येतातच. भिंग, पडदा, बाहुली, पापणी, सगळं एकमेकांशी जुळलेलं, एक भाग नसेल तर बाकीचे वाया. "अर्धा डोळा काय कामाचा?" त्याने विचारलं. प्रश्न सभागृहाला होता, पण समोर मी बसलो होतो. सगळ्या वस्तीला माझा डोळा माहीत आहे.

मी उठलो. म्हणालो, अर्धा डोळा खूप कामाचा असतो, मी त्याच्यावर पन्नास वर्षं काढली. मग मी त्या अभियंत्याची लाज काढायला घेतली. माणसाच्या डोळ्याचा पडदा उलटा बसवलेला आहे, हे त्यांना समजावून सांगितलं. प्रकाश टिपणाऱ्या पेशी मागे, आणि त्यांच्या वायरी पुढून, म्हणजे उजेडाच्या वाटेत. त्या वायरी बाहेर काढायला पडद्याला भोक पाडलंय, आणि त्या भोकापाशी आपल्याला काहीच दिसत नाही. समुद्रातल्या आठ पायांच्या ऑक्टोपसच्या डोळ्यात हेच वायरिंग सरळ आहे. मग अभियंत्याने चांगलं काम त्याला दिलं आणि आपल्याला का नाही? "आणि तो पडदा मागे नीट चिकटवलेलाही नाही," मी ओरडलो. "एक जोराचा धक्का बसला की निघून येतो. घराचा रंग असा निघाला असता तर तुम्ही कंत्राटदाराला बदडलं असतं."

या वेळी टाळ्या जोरात पडल्या. शिट्टीसुद्धा. दादाचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, जिंकलो. मी खाली बसत होतो तेवढ्यात त्याने माईक ओढून घेतला आणि आता तो सावनेरची मराठी बोलायला लागला.

"याचा डोळा कसा गेला ते मले माहीत आहे. माह्याच हातानं गेला. सगळ्यायले वाटते का वाईट झालं. पण तो डोळा गेला नसता, तर बाबानं याले वावरात घातलं असतं. आज हा कापूस वेचून राहिला असता. प्रोफेसर झाला नसता. त्याच्या डोळ्याची योजना वरून झाली होती. त्यानं घेतलं अन् त्यानंच दिलं. मी फक्त निमित्त."

माझं पुढचं वागणं मला तपशिलात आठवतं, आणि ते आठवताना अजून माझ्या मुठी वळतात. योजना! माझा डोळा फुटला, पू झाला, आई रात्रीच्या रात्री खोबणी धुवत बसली, शाळेत पोरं मला 'काना' म्हणून ढेकळं मारायची, मुली बघायला गेलो तर आधी फोटोत डोळा लपवायचा, आणि हा माणूस माईकवरून वस्तीला सांगतोय की ते सगळं एका मोठ्या साहेबाने टेबलावर बसून मंजूर केलं होतं. मी नकली डोळा बोटाने काढला आणि अध्यक्षांच्या समोर टेबलावर आपटला.

"हा घे," मी म्हणालो. "योजना करून, मापं घेऊन बनवलेला हाच एक डोळा आहे माझा. बनवणाऱ्याचं दुकान मी पाहिलंय. आणि याच्यातून काही दिसत नाही!"

पहिल्या रांगेतली एक बाई किंचाळली. डोळा टेबलावरून घरंगळून खाली गेला. मी टेबल ओलांडून दादाच्या गळ्यातली सत्काराची शाल दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. त्याचे डोळे बाहेर आले. त्याने मला ढकललं, मी त्याच्या तोंडावर मुठी मारल्या, एक, मग आणखी. त्याचा ओठ फाटला आणि माझ्या बोटांना त्याचे दात लागले. माईक पडला आणि कर्कश शिट्टी सुरू झाली. कुणीतरी मला मागून धरलं, तर मी कोपराने त्याच्या पोटात दिली. लोक व्यासपीठावर चढले. कोण सोडवत होतं आणि कोण मारत होतं हे सांगता येणार नाही. एका आजोबांची काठी माझ्या नडगीवर बसली. 'देवाची निंदा' असं कुणी ओरडत होतं, 'अरे सख्खे भाऊ आहेत' असंही कुणी. सतरंजी पायात गुंडाळली गेली. आणि मग उजव्या बाजूने, हवेतून, शेंडीसकट, एक नारळ आला.

तो माझ्या उजव्या डोळ्यावर बसला. चांगल्या डोळ्यावर. क्षणभर पांढरंशुभ्र काहीतरी फुटलं आणि मी गुडघ्यांवर पडलो.

कुणीतरी मोबाईलवर हे सगळं टिपलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते वस्तीभर फिरलं. माझ्या बायकोने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यात दादा दिसतो, दोन्ही हात गळ्याशी, शाल सोडवतोय. मी दिसतो. नारळ चौकटीच्या कडेतून येतो. हात दिसत नाही.

बायकोने डोळ्यावर बर्फ धरला आणि शिव्यांची लाखोली वाहिली. "साठी उलटली दोघायची, अन् नारळानं टाळके फोडून राहिले! माकडाचं कोण होतं काय होतं, ते मले नका सांगू. मले डोळ्यानं दिसलं आज." मी म्हणालो, जरा सुजलंय, उतरेल. नकली डोळा सभागृहातच राहिला होता, त्यामुळे डावी खोबणी रिकामी, उजवा डोळा बंद. मी अंधारात पडून अजून दादालाच शिव्या देत होतो.

सकाळी सूज थोडी उतरली. मी डोळा उघडला तर समोर काजळीचे कण पडत होते. पाहावं तिकडे काजळी, आणि कडेला विजा चमकल्यासारखं. मी पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, काजळी बरोबर फिरली. तेवढ्यात बेल वाजली आणि दादा आत आला. ओठाला टाके, मान सुजलेली. त्याने खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली. दादा इतकी वर्षं खर्रा खातो, सुपारी-तंबाखूची ती पन्नी त्याच्या खिशात कायम असते. पण त्या पन्नीत खर्रा नव्हता. माझा डोळा होता.

"सतरंजीखाली सापडला," तो म्हणाला. "धुतला मी."

मी हात पुढे केला आणि तेव्हाच डोळ्यात नाकाच्या बाजूने एक काळा पडदा सरकायला लागला. नाटकात पडतो तसा नाही, तिरका, हळू, पाणी चढावं तसा. दादाचा अर्धा चेहरा गेला. मी इतकी वर्षं पोरांना जे शिकवलं होतं आणि आदल्या दिवशी माईकवर ओरडून सांगितलं होतं, तेच माझ्या डोळ्यात चाललं होतं. पडदा सुटत होता. नीट न चिकटवलेला. एका धक्क्याने.

"दादा," मी म्हणालो, "मले दिसून नाही राहिलं."

त्याने मला बापाने उचललं होतं तसं उचललं असतं, पण वय झालं होतं. धरत धरत खाली नेलं, गाडीत घातलं, आणि नागपुरातले सगळे सिग्नल तोडत दवाखान्यात नेलं. रस्ताभर तो रामरक्षेसारखं काहीतरी पुटपुटत होता. मी म्हणालो, "त्यालेच सांगून राहिला काय? त्यानंच तर बसवला असा." त्याने आणखी एक सिग्नल तोडला.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी पडदा जागेवर बसवला आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा वर जातो, म्हणून मी पालथं पडायचं, चेहरा खाली, म्हणजे तो मागे जाऊन पडद्याला दाबून धरेल. दिवसाचा बहुतेक वेळ पालथं. झोपायचं पालथं, जेवायचं मान खाली घालून. झटका नाही, खोकला नाही, राग नाही. डॉक्टरबाई विशेष करून म्हणाल्या, "हा एकच डोळा आहे तुमचा. आता मान जोरात हलवलीत आणि पुन्हा सुटला, तर मी खात्री देणार नाही." माझ्या बायकोने हे वाक्य पाठ केलं आणि मला तासातासाला ऐकवलं.

पालथा पडून, आंधळा होऊन, मी काय केलं असेल? मी चिडलो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच करायला. उशीच्या मधल्या खोलगटात तोंड घालून मी चिडत होतो, आणि पहिल्यांदा एक अडचण माझ्या लक्षात आली. चिडायचं कुणावर? नारळ कुणी फेकला हे देवालाही माहीत नव्हतं. डोळा उलटा बसवणाऱ्या कंत्राटदाराला मी स्वतःच सभागृहात नाकारलं होतं. लाखो वर्षांच्या छाटणीच्या अंगावर कसं धावून जायचं? दादाचं बरं होतं. त्याच्याकडे वर एक साहेब होता, त्याला आरडाओरडा करता येत होता, दवाखान्याच्या पायरीवर नवस बोलता येत होता. माझ्या रागाला जायला जागाच नव्हती, तो नुसता छातीत फिरत होता. मला आयुष्यात इतका एकटेपणा कधी वाटला नव्हता.

दादा रोज दुपारी यायचा. बायको स्वयंपाकघरात असायची, तो माझ्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसायचा. माझी फक्त पाठ त्याला दिसायची. मला त्याचं काहीच दिसायचं नाही, खर्ऱ्याचा वास तेवढा यायचा. वाद नाही, व्याख्यान नाही. तो पेपर वाचून दाखवायचा, मी ऐकायचो. एका दुपारी त्याने पेपर वाचायला घेतला आणि मध्येच थांबला.

मला वाटलं, तो माझ्या डोळ्याचं मनाला लावून घेतोय. व्यासपीठावर बोलला त्याचं, नारळाचं. मला त्याची कणव आली, खरंच आली. मी उशीत तोंड ठेवूनच म्हणालो, "दादा, काहून जीवाले लावून घेतो गा? नारळ तू नाही मारला. अन् तेव्हाची ते इट्टी, तिले का डोळे होते? ते कुठंही जाते. मी समोर होतो. कोणाचीच योजना नव्हती. तुहीही नाही, वरच्याचीही नाही. सोड आता."

मी माफी देत होतो. आयुष्यभर वर्गात सांगितलेलं वाक्य मी त्याला देत होतो, ते माझ्याकडे सर्वांत चांगलं होतं ते.

खुर्ची करकरली. तो म्हणाला, "तिले नव्हते. मले होते."

मला कळलं नाही.

"त्या दिवशी सकाळी तू बाबाले सांगितलं का मी कडब्याच्या गंजीमागं बिडी पिली. बाबानं मले मारलं. मी मार खाऊन वावरात आलो, तर तू हासून राहिला होता. मले तुह्यं तोंड फोडायचं होतं, लहान्या. मी इट्टी उडवली, तुले पाहिलं, अन् मारली. डोळ्यावर नाही म्हटलं होतं मी. पण तोंडावर म्हटलं होतं. नेम धरून."

पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात बायको कांदा कापत होती, फळीवर सुरीचा आवाज येत होता.

"बाबाले बी नाही सांगितलं," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "म्हणून मले तो वरचा इंजिनिअर लागते. त्यानं केलं असन, तर मी नुसता दांडू. नाही तर मग मीच."

माझ्या अंगातून वीज गेली. पायाच्या नखापासून ती वर आली आणि खांद्यात येऊन थांबली. अपघात! गावाने सांगितलं, डॉक्टरने सांगितलं, मी स्वतः हजारो पोरांना सांगितलं, फळ्यासमोर उभा राहून, खडू हातात धरून, एका रिकाम्या खोबणीच्या जोरावर सांगितलं की निसर्ग नेम धरत नाही. आणि माझ्या डोळ्याचा नेम धरलेला होता. आखणी होती. आखणारा माझ्या खाटेशेजारी बसून रडत होता. इतके दिवस चिडण्यासाठी मी ज्याला शोधत होतो तो मला सापडला होता, हाताच्या अंतरावर. मला उठायचं होतं. त्याची सुजलेली मान धरायची होती, खुर्चीसकट त्याला भिंतीवर आपटायचं होतं, त्याचे दोन्ही डोळे माझ्या अंगठ्यांखाली हवे होते. माझे हात गादीत रुतले. मान उचलायचीच बाकी होती.

आणि मान उचलता येत नव्हती. उचलली असती तर दुसराही गेला असता. पहिल्या डोळ्याचा सूड घ्यायला दुसरा डोळा द्यावा लागणार होता, आणि मी तो द्यायला निघालोच होतो. मान थोडी उचललीही असेल, कारण दादा ओरडला, "हलू नको! लहान्या, हलू नको!"

मग त्याने खुर्ची जवळ ओढली. उशीच्या खालून, माझ्या तोंडासमोर, त्याने काहीतरी सरकवलं. खर्ऱ्याचा वास, घामाचा वास. त्याचा उजवा हात. जुन्या खुणेचा खरखरीत उंचवटा माझ्या ओठांना लागला.

"चाव," तो म्हणाला. "मान नको हलवू. चाव."

मी चावलो. पोर असताना चावलो होतो तसं नाही, आता मला माहीत होतं मी काय करतोय. दात कातडीतून गेले, हाडाला अडले, तोंडात रक्ताची गरम खारट चव आली, आणि तरी मी सोडलं नाही. पन्नास वर्षांचं सगळं मी त्या मनगटात घातलं. दादा कण्हत होता, पायाने जमीन घासत होता. स्वयंपाकघरातली सुरी थांबली. बायको दारात येऊन "अवं माय!" म्हणाली आणि तिथेच थिजली.

आज हे मी उजव्या डोळ्याने, मोठ्या अक्षरात लिहितो आहे, म्हणजे त्या दुपारी माझी मान हलली नसणार. जबडा तेवढा हलत होता. दादाने हात काढला नाही.